पूजेचा ट्रक मागे जात नाही

उत्तरेतल्या रामघाटावरच्या आमच्या मराठी गल्लीत सायकलसुद्धा वळत नाही, आणि मी ट्रक शिकायचं ठरवलं.

वय अडतीस, धंदा भिक्षुकी. यजमान हल्ली मोबाईलवरच पूजा उरकतात (गुरुजी पडद्यात, प्रसाद कुरियरने!). मामेभावाने एका गोदामात ड्रायव्हरची नोकरी बघून दिली. अट एकच, मोठ्या गाडीचं लायसन्स आणायचं. बायकोने, सुनंदाने, फ्रिजसाठी साठवलेले पैसे समोर ठेवले.

"नापास झालात तर नोकरी पण गेली आणि फ्रिज पण गेला हं!"

ते पैसे फीच्या निम्मेच निघाले. शिकवणारे पांडे उस्ताद देवभोळे. मी सौदा केला: निम्मी फी रोख, उरलेल्या निम्मीबद्दल रोज सकाळी ट्रकची यथासांग पूजा.

"अरे पंडितजी, हमारे तो भाग जाग गए!"

पहिल्याच दिवशी हार, कुंकू, नारळ, चाकांखाली लिंबं. उस्तादांचे डोळे भरून आले आणि मला चेव चढला. (ऐकणारा मिळाला की माझं शास्त्र वाढतं!) मी गंभीरपणे सांगून टाकलं, "पूजा हुई गाड़ी सूर्यास्त तक पीछे नहीं लेते. लक्ष्मी उतर जाती है!"

उस्तादांनी कान पकडले. महिनाभर मी ट्रक फक्त पुढे चालवला. एकदा मैदानाच्या भिंतीला नाक टेकलं, तर उस्तादांनी गवंडी बोलावून भिंत पाडली, पण ट्रक मागे घेऊ दिला नाही! केवढी श्रद्धा! मला तर भरूनच आलं.

परीक्षेच्या दिवशी साहेब समोर खुर्ची टाकून बसले. "चलिए, अब बैक कीजिए."

"साहब, आज पूजा हुई है..."

"तो?"

मी अंदाजाने एक दांडा ओढला. वायपर लागले. दुसरा ओढला. ट्रक पुढे! साहेब वेळेवर उठले, खुर्चीला तेवढं जमलं नाही.

घरी सुनंदा म्हणाली, "गल्लीत गाय आली की रोज वीस पावलं उलटे चालता, तेवढं ट्रकला जमेना?"

मामेभावाने गयावया करून गोदामवाल्याकडून एक महिना वाढवून घेतला. मी धावत उस्तादांकडे. "बैक सिखाइए! वो नियम मैंने ऐसे ही बना दिया था!"

"ना पंडितजी, दुख में अधर्म मत बोलिए. कोई बड़े पंडित आकर कह दें, तो सिखा देंगे."

शेवटी शेजारच्या, माझ्याहून मोठ्या भिक्षुकाचे, भाऊकाकांचे पाय धरले. यजमान पळवण्यावरून दहा वर्षं आमचं बोलणं बंद! काका आले, ट्रकवर पाणी शिंपडून अर्धा तास मंत्र म्हणाले, परवानगी दिली आणि माझ्यापुढे हात पसरला. त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून मी हादरलो.

"काका, ही तर दुप्पट दक्षिणा!"

"गाडी मागे घ्यायची असली की दुप्पटच पडते."

"कोणत्या ग्रंथात लिहिलंय हे?"

"तुझा नियम ज्यात आहे ना," काका शांतपणे म्हणाले, "त्याच्याच पुढच्या पानावर!"

मी मुकाट्याने पाकीट काढलं. वर वाकून नमस्कारही केला.