कुलूप ओढून बघणं

माझी बायको कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून बघते आणि मी दरवेळी हसतो. काल संगणकावर नेहमीची ओळ उमटली, 'फोटोंचा बॅकअप यशस्वी.' मी निश्चिंत झालो. ती म्हणाली, "तो सांगतो म्हणून? त्यातला एक फोटो उघडून दाखव की!"

मी उघडायला गेलो, तर पडदा क्षणभर पांढराच राहिला. मी खुर्चीत पुढे सरकलो. मग एकदम आमची लेक खिदळत समोर आली, दीड वर्षाची, कोपरापर्यंत श्रीखंडाने माखलेली.

भरवसा आणि खात्री यांच्यामध्ये एवढा एकच हिसका असतो.

"लागलंय बरं कुलूप," बायको म्हणाली.

"दोनदा ओढायचं असतं ना?" म्हणत मी दुसरा फोटो उघडला, आणि मग दुपारभर आम्ही ते कुलूप ओढतच बसलो.