वीस टन म्हणजे किती आच

कारेगावच्या कडेला असलेल्या एका कारखान्यात मी सुरक्षा विभागात काम करते. आमच्याकडे गॅसची एक मोठी टाकी आहे. ती फुटलीच तर काय होईल याचा हिशेब करायचा आणि आसपासच्या लोकांना तो समजावून सांगायचा, हे माझ्या कामातच येतं.

एका वर्षी गावात अशीच बैठक होती. बोलता बोलता मी म्हणून गेले, "वाईटात वाईट झालं, तर धक्का वीस टन टीएनटीएवढा बसेल." आमच्यात ही रोजची भाषा. कुठलाही स्फोट टीएनटी या स्फोटकाच्या वजनात मोजायचा, अशी पद्धतच पडली आहे. मागून आमच्याच एका ऑपरेटरनं लोकांना खुलासा केला, "बॉम्बमधली दारू असते ती."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की कारखान्यात वीस टनांचा बॉम्ब ठेवलाय. सकाळी कामावर जाताना पाहिलं, तर कारखान्याच्या भिंतीलगतच्या चाळीतलं एक बिऱ्हाड टेम्पोत सामान चढवत होतं. त्यातल्या बाईनं माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. दिवसभर मला काही सुचलं नाही. आकडा तर बरोबर होता.

रविवारी शिरूरच्या घरून दौंडला माहेरी गेले. आबा, म्हणजे माझे वडील, रेल्वेतून निवृत्त. उमेदीची वर्षं त्यांनी वाफेच्या इंजिनावर कोळसा मारण्यात घालवली. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, मी सगळं सांगितलं.

"वीस टन म्हंजी आच किती?" ते म्हणाले.

"एक टन टीएनटी म्हणजे दहा लाख किलोकॅलरी, असं ठरवूनच टाकलंय. वीस टनांच्या दोन कोटी."

"ते कॅलरी-बिलरी मला न्हाई कळत. बीटीयूत सांग."

बीटीयू हे इंग्रजांच्या काळचं माप. पौंडभर पाणी फॅरनहाइटच्या एका अंशानं तापवायला लागते तेवढी उष्णता. आबांच्या ट्रेनिंगमध्ये कोळशाची प्रत याच मापानं शिकवलेली. मी मोबाइलवर आकडे मांडले. एका बीटीयूत साधारण पाव किलोकॅलरी बसते. म्हणजे टनाला चाळीस लाख बीटीयू, वीस टनांना आठ कोटी.

"चांगला कोळसा पौंडाला अकरा हजार द्यायचा," आबा म्हणाले. "भाग आता."

भागलं. साडेतीन टनांच्या आतच कोळसा आला. मी पुन्हा करून बघितलं, तेवढाच.

आबा हसायला लागले. "आगं, एवढा तर आमी मालगाडी घिऊन पुण्याला जाईस्तवर जाळायचो! जा, सांग लोकान्ला. उगी भ्यायल्यात."

मला फार हलकं वाटलं. पुढच्याच आठवड्यात मी परत बैठक बोलावली आणि आबांच्या इंजिनाचा हिशेब सांगितला. वजनाला वजन धरलं तर सरपणातसुद्धा टीएनटीच्या तिपटीहून जास्त आच असते, हेही सांगितलं. लोक सैलावले. कुणीतरी म्हणालं, "म्हंजी आमची चूल बाँबच की!" सगळे हसले.

पुढे बसलेले एक आप्पा, गावात मेंढरं राखणारे बहुधा शेवटचेच, काठी टेकून उठले. "मंग भ्यायचं कारन न्हाई. चला."

लोक उठायला लागले. मी त्यांना तसं जाऊ दिलं असतं, तर कुणी मला काही म्हटलं नसतं.

"आप्पा, बसा जरा," मी म्हणाले. "भ्यायचं कारण आहे."

उठलेले लोक परत खाली बसले. मी म्हणाले, "आच तेवढीच. पण माझे वडील ती काही तास फावड्या-फावड्यानं जाळायचे. इथं ती डोळ्याचं पातं लवायच्या आत सुटेल. मारतो तो वेग. असं होऊ नये म्हणून आम्ही रोज टाकी तपासतो. पण होणारच नाही, असं मी लिहून देणार नाही."

मग चाळीतली एक बाई उभी राहिली. कडेवर लेकरू होतं.

"म्याडम, टन ऱ्हाऊ द्या. गॅस सुटला तर आमी पळायचं कुठं?"

"वाऱ्याला आडवं. टाकीपासून लांब, मोकळ्या रानात."

"चाळ आन् रानाच्या मधी तुमचीच भिंत हाय. फाटकाला कुलूप."

ते फाटक मी रोज बघत होते. माझ्या नकाशात त्याच्यावर हिरवा बाण होता, बाहेर पडायची वाट म्हणून.

फाटकासाठी मला वरच्या साहेबांशी भांडावं लागलं. चोऱ्या होतील, म्हणाले. शेवटी चाळीकडून कुणालाही उघडता येईल अशी कडी बसली आणि चाळीच्या बाजूला भोंगा लागला.

सरावाच्या दिवशी भोंगा वाजला. बायका लेकरं घेऊन फाटकातून बाहेर पडल्या. सरावाला आलेले आप्पा थांबले, मूठभर माती उडवून वारा बघितला आणि "हिकडं, हिकडं" करत सगळ्यांना उसाच्या बांधानं घेऊन गेले. मी मागून चालत होते. मोकळ्या रानात बिहारची एक मुलगी धापा टाकत हसत होती. चुलीवर भात ठेवून आली होती ती.

"दीदी, अब वापस जाएँ? चावल जल जाएगा."

"जा," मी म्हणाले.