खिडकीतली कवळी

दात काढून कवळी बसवली त्याला तीन वर्षं झाली. देवळीच्या आमच्या घरी मी ती अंगणातल्या नळावर धुते. खाली पाण्याची बादली ठेवते, हातातून निसटलीच तर फुटू नये म्हणून. मऊ ब्रश, थोडा साधा साबण. रात्री वाटीतल्या थंड पाण्यात ठेवून वाटी खिडकीत.

मुलाला ही वाटी खटकायची. "पाहुण्यायले दिसते, आई. आत ठेवत जा."

"तुह्या चष्म्याची डबी तं टीव्हीवरच राह्यते," मी म्हणायची.

गेल्या पावसाळ्यात सुनेनं एकदा त्या वाटीत उकळतं पाणी ओतलं. सकाळी कवळी तोंडात बसेना. तिचा आकारच बिघडला होता. सून रडकुंडीला आली. "जंतू मरतीन म्हणून टाकलं जी, आई." तिला काय बोलणार? गरम पाणी चालत नाही हे मीच तिला कधी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही कधी त्या वाटीकडे नीट पाहिलं नव्हतं.

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी माप घेतलं. नवी कवळी यायला वेळ होता. इकडे वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने बुद्धविहारात रोज धम्मग्रंथ वाचायचा काळ, सुरू झालेला आणि या वेळी वाचायची पाळी माझी.

"दुसऱ्या कोणाले सांग ना," मुलगा म्हणाला. "नवी येईपर्यंत घरीच राह्यजो. लोकं हसतीन."

"काऊन? दात गेले, डोळे नाई गेले माह्ये."

पांढरी साडी नेसून मी गेले. पहिल्याच ओळीत शब्द घसरले, 'त' आणि 'द' तर हवेतच विरले. समोरच्या दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. क्षणभर वाटलं, उठावं. मग मी बोट ओळीवर ठेवलं आणि त्यांच्याकडे बघत थांबले.

"हसून झालं? मंग पुढं वाचतो मी."

मी हळूहळू, एकेक शब्द सुटा करत अध्याय संपवला. नवी कवळी येईपर्यंतचे सगळे दिवसही मीच वाचलं, बोळक्या तोंडानं.

नवी कवळी आली त्या दिवशी मी ती अंगणातच धुतली. सून जवळ येऊन उभी राहिली. "द्या, मी घासून पाहतो."

"आधी बादली भर," मी म्हटलं. "थंड पाण्यानं."

वाटी अजून खिडकीतच असते. मुलगा आता काही बोलत नाही. बोलला तरी ती तिथून हलणार नाही.