घरात माणसं किती?

न्यू जर्सीत दारोदार फिरून सरकारी सर्व्हे करायचं काम घेतलं, तेव्हा वाटलं होतं, काय असणार त्यात! घरात माणसं किती, कमाई किती, टॅबवर भरायचं आणि पुढचं दार. एडिसनच्या भागात आम्ही तिघं मराठी होतो: मी, पुण्याची वैशाली आणि नागपूरचा गौतम. शनिवारी चहाला भेटलो की प्रत्येकाकडे काहीतरी साठलेलं असायचंच. नावं सांगणार नाही, तशी शपथ घेतलीय. पण राग गिळायची शपथ कोणी घेतलेली नाही!

*

एका आयटीवाल्याने वैशालीला कमाई सांगायला साफ नकार दिला. "पर्सनल आहे, यार!"

ठीक आहे. ती टॅब बंद करून निघाली, तर साहेब मागून हळूच विचारतात, "शेजारच्यांनी किती सांगितली?"

*

एका रेस्टॉरंटवाल्या काकांनी मला दारातच ऐकवलं, "या स्टेटमध्ये सगळ्यात जास्त कमावणारे आपण भारतीयच! हे ठळक लिहा."

त्याच आठवड्यात काकांच्याच किचनमधल्या सहा जणांचं घर लागलं. घर कसलं, दोन खोल्या! त्यांच्यातला एक म्हणाला, "ताई, ॲव्हरेज काढताना आम्हालाही धरतात?"

"धरतात की."

"मग काकांना सांगू नका. त्यांचा आकडा खाली येईल!"

*

एका घरात बायको एमटेक. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, नोकरीची परवानगी नाही. उत्पन्न विचारलं.

"शून्य."

मी तसं भरलं. ती वाकून टॅबकडे बघत राहिली. मग म्हणाली, "यात 'का?' असा रकाना नाहीये का हो?"

*

गौतमचं ऐकून तर माझं डोकंच फिरलं. एका काकांनी त्याला आग्रहाने आत बसवलं. मराठी माणूस दारात आला म्हणून काकूंनी लगेच चहा टाकला. सगळी उत्तरं झाली. काका खूश! "बरं आहे, तुमच्या फॉर्ममध्ये जात विचारत नाहीत."

"नाही विचारत, काका."

"छान, छान. तुमचं आडनाव काय म्हणालात?"

"मेश्राम."

काका उठून आत गेले. चहा काही बाहेर आला नाही.

*

आणि ते मोठं घर. दार उघडणाऱ्या बाईही मराठीच. "आम्ही चौघं. मी, मिस्टर, दोन मुली."

मागे किचनमध्ये पन्नाशीच्या एक मावशी पोळ्या लाटत होत्या. मी विचारलं, "आणि त्या?"

"त्या होय? कामाला आहेत."

"राहतात कुठे?"

"खाली, बेसमेंटमध्ये. चार वर्षं झाली."

"मग त्यांनाही धरावं लागेल. दोन महिन्यांहून जास्त जो राहतो, तो प्रत्येक जण."

बाई वैतागल्या. "अहो, पण त्या घरातल्या नाहीत ना! आकडा सांगितलाय मी तुम्हाला. चार!"

माझं बोट टॅबवर तसंच थांबलं. लाटण्याचा आवाजही थांबला. मावशी पिठाचे हात घेऊन थेट दारापर्यंत आल्या. बाईंकडे बघितलंसुद्धा नाही.

"पाच लिहा, ताई. कणीक पाच जणांची मळते मी."