हात दिसू दे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. शेजारच्या गाळ्यातल्या पद्माक्कालाही नाही, आणि रोज दुपारी आम्ही एकाच डब्यात जेवतो. तुम्हाला का सांगते आहे, ठाऊक नाही. सांगून टाकते — शेवटपर्यंत वाचा.

सोलापुरात माझं चादरी-टॉवेलांचं दुकान आहे. बारीक दोषामुळं कारखान्यात बाजूला पडलेला माल मी उचलते. कारखानदार तासभर घासाघीस करतो, मी दोन तास करते. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा "कमी करा की" म्हणालं, की माझा आवाज चढतो. फुटपाथवर पोतं अंथरून सुरुवात केली होती. मला कुणी काही दिलेलं नाही.

आणि मी पारधी आहे.

बघा, एवढं लिहायला मला अख्खी सकाळ लागली. बाजारात हे कुणाला माहीत नाही. आमचं आडनाव मराठ्यांतही असतं; बार्शीकडची म्हटलं, की पुढं कुणी विचारत नाही. आणि सांगायचं तरी कशाला? बाजारात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठल्या वस्तीवर जाते, हे मी लहानपणापासून बघितलंय. आई बाजारात नेताना एकच बजावायची — दुकानात शिरलीस की हात दिसू दे. अजूनही मी माझ्याच काउंटरवर दोन्ही हात ठेवून बसते. पद्माक्काला वाटतं, ही माझी ऐट.

भावाचंही सांगायला हवं. नवरा मारायचा, म्हणून मी त्याला सोडलं, तेव्हा पंच बसले आणि मला जातीबाहेर काढलं. माझा सख्खा भाऊ तिथंच होता. काडीनं मातीत रेघा ओढत बसला होता. एकदा तरी मान वर करायची ना? तो राग मी वीस वर्षं सांभाळला. कुणी विचारलं नाही, तरी स्वतःशी घोकत राहिले.

त्याची मुलगी काजल. भावाला ती एकटीच. बारावी झालेली, वस्तीतली पहिलीच पोर. नर्सिंगला तिचा नंबर लागला होता, पण जमातीच्या दाखल्याची पडताळणी अडली होती. त्याला बापाच्या बाजूचा जुना कागद लागतो. पालं उचलून गावोगाव फिरलेल्या माणसांकडं कुठला कागद असणार? आमच्याकडं एकच होता. इंग्रजांच्या काळात आजोबांना तारेच्या कुंपणाआड, सेटलमेंटमध्ये ठेवलं होतं. जन्मानंच गुन्हेगार, म्हणून रोज हजेरी. त्या हजेरीच्या रजिस्टरची ही नक्कल — आजोबांचं नाव, नावापुढं जात. आश्रमशाळेतल्या आमच्या बाईंनी कचेरीत खेटे घालून ती मिळवली होती. पुढं ते रजिस्टरच कचेरीत सापडेना. त्या नकलेवर माझा दाखला झाला, शिवणकाम शिकायला सरकारी जागा मिळाली, आणि त्यातूनच मी उभी राहिले. मला कुणी काही दिलेलं नाही, असं वर म्हणाले ना — ते खरं नाही.

लग्नसराईची दुपार होती. दुकानात पाच-सहा बायका. वहिनी आणि काजल दारात येऊन उभ्या राहिल्या. वहिनीच्या लुगड्यावरून, गळ्यातल्या मण्यांवरून कुणीही ओळखलं असतं. काजल हळूच म्हणाली, "आत्या, पणज्याचा कागद अन् तुमचा दाखला द्याल का? झेरॉक्स मारून लगीच आणून देते की."

ती हळूच म्हणाली, पण "आत्या" हा शब्द ऐकू गेला. पलीकडून पद्माक्कानं मान वळवली.

"माझ्याकडं कसला कागद? चुकून आलात बाई," मी म्हणाले. कागद माझ्या गुडघ्याजवळच्या खणात होता.

एवढंच असतं तर मी कधीच सांगून मोकळी झाले असते. खोटं तर मी धंद्यात रोज बोलते. पण त्या गेल्या नाहीत. वहिनी आमच्या बोलीत विनवायला लागली. मला सगळं समजत होतं, आणि चेहऱ्यावर काहीच समजत नसल्यासारखी मी बसले होते. अजून एक वाक्य, आणि माझ्याही तोंडून आमची बोली निघाली असती. मग मी गिऱ्हाइकांकडं वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "बायांनो, जरा पिशव्या सांभाळा."

एकीनं पर्स पुढं घेतली. एकीनं लेकराला जवळ ओढलं. आणि काजलनं — तिला कुणी काही सांगितलं नव्हतं — दोन्ही हात काउंटरवर ठेवले. तळवे वर, बोटं पसरलेली. एका बोटाला पेनची शाई होती. वहिनीनं तो हात धरला आणि तिला घेऊन गेली.

"बरं झालं, तू लगेच ओळखलंस," पद्माक्का म्हणाली. मी मान हलवली.

भावावरचा राग काढला, असं मी स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. त्या क्षणी मला भाऊ आठवलाही नव्हता. मी फक्त पद्माक्काचे डोळे बघत होते.

प्रवेशाची मुदत टळली. पुढच्या वर्षी काजलचं लग्न लागलं, अक्कलकोटच्या बाजूला. लग्नानंतर तीन वर्षांनी मी कागद घेऊन तिच्या वस्तीवर गेले. वीटभट्टीवरून नुकतीच आली होती, कडेवर मुलगी. तिनं मला पाणी दिलं. कागद पूर्ण वाचला, जुन्या घडीवर घडी घातली आणि परत दिला.

"आता माझं कुटलं शिकनं, आत्या. आन् हिला हिच्या बापाकडचा लागंल, ह्यो चालायचा न्हाय."

चेष्टा नव्हती, राग नव्हता. मी उठले तशी ती दारापर्यंत आली.

"पिशवी सोडा की जरा," ती म्हणाली. "हितं समदी आपलीच हायत."

मी खाली बघितलं. रिक्षातून उतरताना धरली होती तशीच मी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरली होती.