खालचे सूर

माझ्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली होती. बागेतली. पियानोसमोर चांगला लांब बाक होता. एकाच पियानोवर दोघींनी वाजवायचं म्हणजे शेजारी बसावंच लागतं. पण बाई बाकाच्या मधोमध बसल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, तू खुर्चीवर बस. बाक लहान आहे."

मी सौदीत यान्बूला, कंपनीच्या वसाहतीतल्या दवाखान्यात नर्स. बाई म्हणजे बड्या इंजिनिअरची बायको, पुण्याच्या. नाताळला नवऱ्याच्या गोऱ्या साहेबांना घरी बोलवायचं, पडदे ओढून त्यांना एक जुनं नाताळगीत पियानोवर ऐकवायचं, असा बेत. येशूशी बाईंचा संबंध केकपुरता. उजवीकडे बसणारीने चाल वाजवायची, डावीकडचीने खालचे सूर. फार अवघड नाही, अगदी सोपंही नाही. त्यांची जोडीदारीण कायमची मायदेशी गेली, म्हणून मी. नगरकडे मिशनच्या शाळेत पियानो शिकले होते.

पहिल्या तालमीलाच त्यांनी विचारलं होतं, ख्रिश्चन म्हणजे मूळचे कोण? आजोबा महार होते, मी सांगितलं. गोड हसल्या. दुसऱ्या तालमीला खुर्ची आली.

खुर्ची बुटकी. मनगटं कडेला घासायची. मी उठले की बाई ओल्या रुमालाने पट्ट्या पुसायच्या. फक्त माझ्या बाजूच्या. शिकलेली बाई. जग फिरलेली. घरात इंग्रजी पुस्तकांची भिंत. आणि गावाकडून सोबत आणलं काय, तर गावकूस. विमानातून आणलं, कस्टमवाल्यांनाही सापडलं नाही.

मी खुर्चीवर बसून वाजवत राहिले. त्यांच्या नवऱ्याने एक फोन केला असता तर माझा इकामा, इथे राहायचा परवाना, खलास. गावी आई माझ्यावर आहे.

नाताळच्या संध्याकाळी हॉल भरला. बाईंनी उभं राहून इंग्रजीत माझी ओळख करून दिली. ही आमची सिस्टर, हिच्या लोकांना पूर्वी गावात राहू देत नसत, आज बघा, माझ्याबरोबर पियानो वाजवते. टाळ्या पडल्या. बाईंच्या मोठ्या मनाला. माझ्या आजोबांचं जिणं त्यांनी केकच्या तुकड्यासारखं पाहुण्यांत वाटलं.

मी खुर्ची उचलली, भिंतीला लावली आणि बाकावर जाऊन बसले.

बाई वाकून हळूच मराठीत म्हणाल्या, "तमाशा करू नकोस. खुर्ची घे."

"वाजवायचं असेल तर माझ्या शेजारी बसा," मी म्हणाले.

नाही बसल्या. साहेबांसमोर फजिती झालेली चालेल, मांडीला मांडी लागलेली चालणार नाही. मी सुरुवात केली. चालीवाचून खालचे सूर भिकार वाटतात. नुसती धपधप. कुणाला गीत ओळखूही आलं नसेल. मी शेवटपर्यंत वाजवलं. कुणी टाळी वाजवली नाही. चप्पल घातली आणि निघाले.

पुढच्या आठवड्यात दवाखान्याच्या मॅनेजरने बोलावलं. केरळचा, भला माणूस. हिंदीत म्हणाला, बाईंची माफी माग, नाहीतर तुझं कॉन्ट्रॅक्ट वाढणार नाही. मी नाही म्हणाले. मला नीट कळलं नाही असं वाटून त्याने परत समजावलं. मी परत नाही म्हणाले.

कॉन्ट्रॅक्ट उन्हाळ्यात संपतंय. आईला फोनवर सांगून टाकलंय. ती रडली. रडू दे. बाई दवाखान्यात आल्या की दुसरी नर्स मागतात. मागू देत. आता कुणी मूळचं विचारलं की मी जात सांगते आणि डोळ्यांत बघत उभी राहते. बहुतेक तेच नजर वळवतात.

जावं लागलं तर जाईन. पण माफी मागून राहणार नाही.