पाचवीच्या आधी

मी माझं माहेर, मढ, सोडलं ते सकाळी अकराच्या उन्हात, भावाच्या पिकअपमध्ये बसून. कानाला बाळंतिणीचं फडकं बांधलेलं होतं आणि पाच दिवसांचं बाळ साडीच्या आत छातीशी धरलेलं होतं. दीड वर्षापूर्वी लग्नात याच दारातून रीतसर रडून निघाले होते, पण त्या जाण्यात परत येणं धरलेलंच असतं. दिवाळीला यायचं, यात्रेला यायचं, पहिल्या बाळंतपणाला तर यायचंच. खरं घर सुटलं ते या दुसऱ्या खेपेला. आई दारात उभी होती आणि तिच्या बोटांना ओली हळद होती, कारण संध्याकाळच्या पूजेसाठी ती पाटा-वरवंटा धुऊन ठेवत होती. ती गाडीपर्यंत आली नाही. "पाचवी व्हऊ दे आन् मग जा, येवढंच म्हनते मी," असं तिसऱ्यांदा म्हणाली आणि आत गेली.

आता मी पुण्याजवळ मोशीत राहते, तिथे माझ्या शेजारच्या मुलींना पाचवी म्हणजे काय ते सांगावं लागतं, म्हणून इथेही सांगते. बाळ पाच दिवसांचं झालं की संध्याकाळी पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा करतात. शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवतात. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. तोवर बाळाला उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. दवाखान्यातून घरी आणलं ते आणलं, पुन्हा बाहेर काढायचं नाही. आईने पाच बायकांना सांगून ठेवलं होतं आणि घुगऱ्यांचे हरभरे आदल्या दिवशीच भिजत घातले होते. मी निघाले तेव्हा ते टम्म फुगले होते.

बाळंतपण जुन्नरला दवाखान्यात झालं होतं. तिसऱ्या दिवशी घरी आलो. दवाखान्यात पहिले दोन दिवस हा असा रडायचा की शेजारच्या खाटेवरच्यांनी विचारावं, काय झालं म्हणून. चौथ्या दिवशी तो शांत झाला आणि घरात सगळ्यांना बरं वाटलं. न्हाऊ घालायला सोनाबाई यायच्या, गावातली निम्मी पोरं त्यांच्याच पायावर न्हालेली. त्यांनी डोक्यावर कढत पाणी घातलं तरी हा हूं की चूं करेना. "लई गुनाचं लेकरू हाये," त्या म्हणाल्या. "आयेला तरास न्हाई द्यायचा, ठरवूनच आलंय." मलाही अभिमान वाटला. कुणी आपल्या पोराला गुणी म्हटलं की कान मिटतात का?

त्याच दिवशी दुपारपासून माझी छाती दगडासारखी झाली. दूध तुंबलं होतं, साडी भिजत होती, अंगात कणकण भरली होती. आईने गरम फडक्याने शेक दिला आणि दूध वाढवणारी लसणाची चटणी बंद केली. सोनाबाईंनी छातीवरून कंगवा फिरवून दूध उतरवून दिलं. तीन बाया माझ्या दुखण्यात गुंतल्या होत्या आणि एकीच्याही, माझ्यासुद्धा, डोक्यात आलं नाही की दूध तुंबलंय म्हणजे ते कुणीतरी पीत नाहीये. मी बी.कॉम. शिकलेली बाई. हे लिहिताना आजही लाज वाटते.

दवाखान्यातून निघताना तिथल्या सिस्टरने मला बजावलं होतं. गाडी बाहेर उभी होती, माझा भाऊ राजू हॉर्न वाजवत होता, आणि मी मान डोलावत नुसतं हो हो करत होते. "रडतंय म्हणून घाबरून येऊ नका. दूध ओढत नसेल, उठवून उठत नसेल, अंग गार लागत असेल किंवा तापलं असेल, श्वास जोरजोरात चालला असेल, तर मात्र कुणाची वाट बघू नका. रात्र असो, सण असो, या." पाचव्या दिवशी सकाळी बाळाला न्हाऊ घालून माझ्याजवळ दिलं तेव्हा ते सगळं मला शब्दन् शब्द आठवलं. मी त्याला पाजायला घेतलं. दूध तोंडात गेलं आणि ओठाच्या कडेने गालावरून खाली आलं. त्याने गिळलंच नाही. खोलीत शेगडी पेटलेली, मला घाम फुटलेला, आणि त्याचे तळवे गार. सिस्टरने दाखवलं होतं तशी तळव्यावर टिचकी मारली. त्याने तोंड वाकडं केलं, पण रडायचा आवाज आला नाही.

मी आईला म्हटलं, "ह्याला दाखवून आणू." आई म्हणाली, "मी कशी सांगू? त्यांचं लेकरू हाये. पावन्यांना इचार." तिचंही चूक नव्हतं. जावयाच्या पोराला आपल्या घरून कुठे हलवायचं आणि उद्या काही कमीजास्त झालं तर सासरच्यांना तोंड कसं दाखवायचं, ही तिची भीती. आमच्या घरात तेव्हा रेंज यायची नाही, म्हणून राजूने पाण्याच्या टाकीजवळ जाऊन माझ्या मिस्टरांना फोन लावला. ते चाकणला कंपनीत, फोन लॉकरमध्ये. चहाच्या सुट्टीत लागला. राजूने परत येऊन निरोप सांगितला, "दाजी म्हनले, आईंना विचारा. त्यांनी तीन पोरं वाढवली, त्यांना जास्त कळतं."

म्हणजे आई पाव्हण्यांना मान देत होती आणि पाव्हणे आईला. दोघंही चांगली माणसं. बाळ होतं सासरचं आणि निजलं होतं माहेरच्या खोलीत, म्हणून त्याच्याबद्दल बोलायचा अधिकार कुणालाच नव्हता. तेवढ्यात सोनाबाई म्हणाल्या की मुलाला दृष्ट लागली असेल, संध्याकाळी पूजेनंतर उतरवू. आई म्हणाली, "आन् डाक्टरला जाऊन काय सांगनार? लेकरू झोपतंय म्हनून? हसंल तो."

"हसू दे," मी म्हटलं.

"आगं पन आज सटवाई येनार, आन् लेकरूच घरात नाय?"

ती हे रागाने म्हणाली नाही. तिला खरंच वाटत होतं की आज रात्री हा घरात नसला तर त्याचं काही लिहिलंच जाणार नाही. मी राजूला म्हटलं, गाडी काढ. तो आईकडे बघायला लागला. "तिच्याकडे बघू नको, माझ्याकडे बघ," मी ओरडले. जन्मात पहिल्यांदा मी त्या घरात आवाज चढवला होता.

पिकअपची एक काच वर जात नसे. राजूने तिथे टॉवेल कोंबला. बाळाचे कपडे काढून मी त्याला उघड्या अंगाने छातीशी घेतलं आणि वरून साडी, शाल, राजूचं जर्किन. डिंगोरे गेलं, ओतूर गेलं. मी दर थोड्या वेळाने पदरात डोकं खुपसून त्याचा श्वास ऐकत होते. आळेफाट्याला मुलांचे एक डॉक्टर आहेत हे राजूला माहीत होतं, मार्केटला माल घेऊन जाताना तो ती पाटी रोज बघायचा. डॉक्टर हसले नाहीत. टाचेला सुई टोचून साखर बघितली आणि विचारलं, "नीट प्यायला कधी होता शेवटचा?" मी म्हटलं, काल सकाळी. "आणि आज निघालात?" एवढंच ते म्हणाले आणि कामाला लागले. साखर खूप खाली गेली होती. रक्तात इन्फेक्शन असणार, असं त्यांनी सांगितलं. सलाईन लावलं, पहिलं इंजेक्शन दिलं आणि पुण्याला न्यायला ॲम्ब्युलन्स बोलावली.

माझं सासर कळंबचं. पुणे-नाशिक रस्त्यावरच घर. राजूने तिकडे फोन करून ठेवला होता. सासूबाईंना वाटलं गाडी थांबेल, म्हणून त्या डबा आणि कपड्यांची पिशवी घेऊन रस्त्यावर उभ्या होत्या. ॲम्ब्युलन्स कशाला थांबते? काचेतून मला त्यांचा वर केलेला हात दिसला आणि मागे गेला. बिचाऱ्या नंतर एसटी धरून पुण्याला आल्या, आणि आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "तुला जेवायला काय दिलं का नाय कुनी?" त्या दिवशी मी रडले ते तेव्हा पहिल्यांदा.

बारा दिवस बाळ काचेच्या पेटीत होतं. बारसं झालेलं नव्हतं, म्हणून पायातल्या पट्टीवर "बेबी ऑफ मनीषा" असं लिहिलेलं. घरी ज्याच्याबद्दल ठरवायला कुणी तयार नव्हतं, तो इथे माझ्या नावावर होता. सिस्टर बाहेर येऊन ते नाव पुकारायची आणि मी धावत जायचे.

तिसऱ्या दिवशी आई आली. डॉक्टर राउंड संपवून बाहेर पडत होते, तिने त्यांना दारातच गाठलं. "डाक्टर, सांच्यापातूर थांबलो असतो तर?"

"मावशी, आणलंत ना वेळेवर. झालं तर मग."

"मी नाय आनलं. हिनं आनलं. मी थांब म्हनत व्हते. म्हनून इचारते."

डॉक्टर वयाने लहान होते. हातातली फाइल मिटून ते म्हणाले, "मग काही सांगता आलं नसतं."

आई बाकावर येऊन बसली. तिथे तिने सांगितलं की त्या संध्याकाळी तिने पूजा मोडली नाही. बाळाच्या जागी त्याचं झबलं ठेवलं आणि पाचवी पुजली. सटवाईला सांगितलं की लेकरू पुण्याला गेलंय, तिथं जाऊन लिव्ह. मला तेव्हा तिचा रागच आला, आणि तो लवकर गेला नाही. मी तिकडे ॲम्ब्युलन्समध्ये होते आणि ही घुगऱ्या वाटत होती, एवढंच मला दिसलं. ती बाई त्या घरात एकटी काय करू शकत होती, आणि जे करू शकत होती ते तिने केलं, हे समजायला मला स्वतःचं घर चालवावं लागलं.

डिस्चार्ज मिळाला तेव्हा आई म्हणाली, "सव्वा महिना तरी चल घरी." मी म्हटलं, दर आठवड्याला फॉलोअप आहे. ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं दोघींनाही माहीत होतं. मोशीच्या आमच्या वन बीएचकेमध्ये, चौथ्या मजल्यावर, मी माझं बाळंतपण उरकलं. न्हाऊ घालायला कुणी नाही, मोबाइलवर व्हिडिओ लावून टबात अंघोळ घालायची. धुरी द्यावी तर धूर पॅसेजमध्ये जातो म्हणून वॉचमन वर येतो. सुट्टीच्या दिवशी मिस्टर डायपर बदलायचे आणि शिफ्टवरून पहिला फोन करून विचारायचे, "प्यायला का?" ते वाक्य आमच्या घरात नमस्कारासारखं झालं. पुढे मला एका शाळेच्या ऑफिसात नोकरी लागली, पोरगा बालवाडीत गेला, आणि मढ दिवाळीपुरतं उरलं. गेले की आई पोटभर खाऊ घालायची, डबे भरून द्यायची, पण आम्ही दोघी त्या दिवसाच्या आजूबाजूने बोलायचो.

शहरात माणसं शहाणी असतात असं समजू नका. दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सहाव्या मजल्यावरच्या एका मुलीने विचारलं, बाळ सात दिवसांचं आहे, कालपासून झोपूनच आहे, नॉर्मल आहे ना? खाली सतरा जणींची उत्तरं. लकी आहेस, एन्जॉय कर, आमचा तर झोपूच देत नाही. डॉक्टरची अपॉइंटमेंट तिला परवाची मिळाली होती आणि ती परवाची वाट बघत बसली होती. मी चप्पल न घालता जिना चढून गेले आणि दोघांना तसंच दवाखान्यात नेलं. तिच्याकडे सटवाईऐवजी अपॉइंटमेंट होती, एवढाच फरक. ते बाळही वाचलं.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. राजूच्या बायकोचं, सीमाचं, दुसरं बाळंतपण मढलाच झालं. बाळ बरं आहे हे आधीच सांगून टाकते. नाक चोंदल्यामुळे पिता येत नव्हतं, एवढंच निघालं, आणि संध्याकाळी ते घरी आलं. पण तेव्हा ते नऊ दिवसांचं होतं आणि दुपारी ऑफिसात मला आईचा फोन आला.

"दोनदा पाजाया घेतलं, वढतच नाय. पाय बी गार लागत्यात."

मी फोन घेऊन जिन्यात आले. "आई, विचारत बसू नकोस. सीमाच्या माहेरी फोन, राजूला फोन, काही करू नकोस. आधी निघ."

"निघाले कवाच. ओतूर मागं पडलं. राजूच चालवतोय, लेकरू सीमाच्या छातीशी हाये उघडं."

मागून हॉर्न ऐकू येत होता. मी म्हटलं, "मग फोन कशाला केलास?"

ती म्हणाली, "तवा तुला एकटीला जाऊ दिलं. आज मी गाडीत बसले, येवढं तुला सांगायचं व्हतं."

आम्ही दोघींनी फोन ठेवला नाही. आळेफाटा येईपर्यंत ती तिकडे गाडीत आणि मी इकडे ऑफिसच्या जिन्यात, नुसत्या फोन कानाला लावून होतो. तुझं घर कुठलं असं कुणी विचारलं की मी नेहमीच मढ म्हणत आले. मधली काही वर्षं ते सवयीने म्हणत होते. त्या दुपारपासून मनापासून म्हणते.